तेवीस किलोची होडी

मित्रांनो, मी एक जुनी कयाक आहे. म्हणजे एकट्याने वल्हवायची लांब, निमुळती होडी. माझा जन्म समुद्रापासून लांब, कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाला. हसताय काय? आमच्या गावात मनात आलं की काहीही घडवतात!

१९९८ साली नईम मिस्त्रींची लेक इरम हिने रत्नागिरीच्या सागरी शर्यतीत नाव घातलं. नियम कडक होता. आपली होडी आपणच खांद्यावरून पाण्यापर्यंत न्यायची. दुसऱ्याने हात लावला की स्पर्धक बाद. मिस्त्री फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवायचे. पोरगी दर्यात जाणार या धास्तीने त्यांनी माझ्या थोरल्या बहिणीवर, म्हणजे माझ्या आधीच्या होडीवर, काचकापडाचे थरावर थर चढवले आणि वर डबाभर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट रस, ओतलं. ती भरली बेचाळीस किलो! गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेपसुद्धा तीस किलोची असते. इरमला ती कमरेच्या वर उचलेना.

"अब्बा, बुडायचं लांबच, ही उचलतानाच मी खपंन की!"

"अगं, जाड तेवढं दणकट."

इरमने वाळलेल्या रेझिनचा गोळा हातोडीने फोडला. त्याचा चुरा झाला. मग रेझिनमध्ये जेमतेम भिजवून वाळवलेली कापडाची पट्टी वाकवली. ती काही मोडली नाही. ताकद कापडात असते, हे मिस्त्रींना ठाऊक नव्हतं थोडंच? पण बापाचं काळीज!

मग माझी पाळी आली. मिस्त्रींनी कापड भिजण्यापुरतंच रेझिन घेतलं आणि रोलर फिरवून जास्तीचं पिळून काढलं. जादा थर फक्त तळाला आणि बैठकीखाली दिला. मी भरले तेवीस किलो.

"ही व्हय होडी? पापड हाय की!" म्हणत शेजारचे केरबा पैलवान माझ्यावर धपकन बसले. मी जरा वाकले आणि पुन्हा सरळ झाले. पैलवान उठून मला खालून-वरून निरखायला लागले!

शर्यतीला तेच पैलवान गाडीभर माणसं घेऊन आले.

"उचलू काय गं?"

"कुणी हात लावायचा न्हाय!"

इरमने मला खांद्यावर घेतलं. बाकीचे दहा-दहा पावलांवर होडी खाली टेकवत होते. ती एकदाही थांबली नाही. लाटांवर तर मी नुसती उसळत होते. आम्ही पहिल्या आलो! मिस्त्री मात्र वाळूत उभे राहून रडत ओरडत होते, "माझ्या पोरीनं एकटीनं उचलली!" जिंकल्याचं त्यांना नंतर कुणीतरी सांगितलं.

त्याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. मित्रांनो, मला उन्हात टाकू नका. चरा पडला तर हलक्या हाताने बुजवा, वर जाड थापू नका. आणि आपल्या माणसाची काळजी जरूर करा. पण त्याला उचलता येईल एवढीच करा.