शामोर

दीनाबाईंनी पाण्याचा तांब्या स्टुलावर ठेवला आणि स्टूल ओढून पलंगाच्या अगदी पुढ्यात आणलं.

"हे बघा. ठेवलं समोर. आता?"

आरोनकाकांनी डावा हात उचलून तांब्या बाजूला सारला. पाणी फरशीवर सांडलं. त्यांच्या तोंडाच्या एका कोपऱ्यातून पुन्हा तोच शब्द आला.

"शामोर."

अर्धांगाचा झटका येऊन तेरा दिवस झाले होते. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उरला तो एवढा एकच शब्द. दीनाबाईंना तो 'समोर' असा ऐकू येई. त्यांनी मुलाचा फोटो आणून समोर टांगला. रामकिसन न्हाव्याला बोलावून पलंग फिरवून घेतला, म्हणजे दार समोर येईल. दरवेळी काका बघत आणि मान हलवत. आदल्या संध्याकाळी ते रडले. चाळीस वर्षांच्या संसारात दीनाबाईंनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

फडक्याने फरशी पुसायला त्या खाली बसल्या, तेवढ्यात तारामती दारात आली. दोन आठवडे ती कारंज्याला बहिणीच्या बाळंतपणात होती. मोटारीतून उतरल्यावर रस्त्यातच तिला काकांचं कळलं होतं. पिशवी हातात घेऊनच ती आत आली.

वाशिमजवळच्या या मालेगावात बेने इस्रायलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, हे एकच घर. अलिबागकडचे आरोन झिराडकर सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले, ते निवृत्तीनंतरही इथेच राहिले. शेजारी कस्तुरचंद कापडवाल्यांचं घर. त्यांच्या धर्माच्या रीतीने कापलेलं नसल्याने या घरात खाटकाचं मांस येत नसे, म्हणून जैनांच्या ओळीत जागा मिळायला अडचण पडली नव्हती. तारामती ही कस्तुरचंदांची मुलगी. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, त्याला आता सहा वर्षं झाली होती.

काकांचा मुलगा एझ्रा इस्रायलमध्ये बीरशेबाला जाऊन स्थायिक झाला होता. त्याची मुलं तिकडे हिब्रू बोलत. मराठी त्यांना येत नव्हतं. नातवंडांशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून काका निवृत्तीनंतर हिब्रू शिकायला बसले. प्रार्थना त्यांना लहानपणापासून पाठ होत्या. त्यांतल्या शब्दांचा अर्थ मात्र त्यांनी कधी विचारला नव्हता. एझ्राने धाडलेला जाडजूड कोश आणि जुनं मराठी अर्थाचं प्रार्थनापुस्तक समोर ठेवून ते एकेक शब्द उलगडत. एकट्याने शिकताना कंटाळा येई, म्हणून त्यांनी तारामतीला सोबत घेतलं. तिचं अक्षर चांगलं होतं. वहीत डाव्या बाजूला ती देवनागरीत शब्द लिही, उजव्या बाजूला अर्थ.

शब्बाथ, म्हणजे थांबणं. मेनुखा, विसावा. अवोदा, काम, आणि भक्तीही. हा शब्द सापडला त्या दिवशी काका उठून स्वयंपाकघरात गेले होते आणि भाकऱ्या थापणाऱ्या दीनाबाईंकडे नुसते बघत उभे राहिले होते.

कादोशचा अर्थ निघाला, पवित्र, वेगळं काढून ठेवलेलं. तारामतीची लेखणी तिथे अडली होती.

"वेगळं काढून ठेवलेलं म्हनजे पवित्र?" तिने विचारलं. "मग काका, मलेबी तसंच ठेवलं हाये आमच्या घरी."

काकांनी चष्मा काढला, पुसला, आणि त्या दिवशी पुढचा शब्द घेतला नाही.

आता तिने पलंगाशी वाकून काकांचा हात हातात घेतला. तिला बघताच ते घाईने तोच शब्द बोलले, दोनदा. तारामतीने मान वर केली.

"काकी, समोर नाही म्हनत ते. शामोर म्हनून राह्यले."

"म्हणजे?"

"आपल्या वहीत हाये तो. पाळ. नेम पाळ, शब्बाथ पाळ, असा."

दीनाबाई फडकं हातात घेऊन तशाच बसल्या. गेले दोन शुक्रवार त्यांनी शब्बाथचा दिवा लावला नव्हता. औषधं, कपडे, अंथरूण यांत कधी शुक्रवार आला आणि गेला ते कळलंच नाही. आणि लावून तरी काय, दिव्यानंतरची प्रार्थना म्हणायची कुणी, असंही एकदा मनात आलं होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पदराने त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातली लाळ टिपली.

"आज वार कोणता?" त्यांनी विचारलं.

"गुरुवार."

दुसऱ्या दिवशी दुपारीच दीनाबाईंनी मनुका भिजत घातल्या. द्राक्षाची दारू या गावात कुठली, तिच्या जागी मनुकांचं पाणी चाले. तारामती आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे दिवस असतानाच जेवून आली. सूर्य टेकला तेव्हा दीनाबाईंनी काचेच्या पेल्यात पाण्यावर खोबरेल तेल ओतून वात लावली आणि हातांनी डोळे झाकले. मग त्यांनी मनुकांच्या पाण्याचा प्याला तारामतीपुढे धरला. बाईमाणसाने, त्यातून दुसऱ्या धर्माच्या बाईने ती प्रार्थना म्हणावी की नाही, हे विचारायला गावात कुणीच नव्हतं.

तारामतीने वहीत देवनागरीत उतरवून घेतलेली प्रार्थना वाचली. अडखळत, एकेक शब्दावर बोट ठेवत. काकांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, पण आवाज निघत नव्हता. वाचून झाल्यावर दीनाबाईंनी चमच्याने मनुकांचं पाणी त्यांच्या तोंडात घातलं.

त्यांनी घोट गिळला, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने उघडले.

"शामोर."

"पाळला की हो," दीनाबाई म्हणाल्या. "झालं सगळं." त्या चमचा धुवायला उठल्या.

काकांनी डाव्या हाताने तारामतीचं मनगट धरलं. पण ते तिच्याकडे बघत नव्हते. दीनाबाई भिंतीला हात लावत, चाचपडत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जात होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तो काकांनाच पहिल्यांदा कळला होता. ते पाठमोऱ्या बायकोकडे बघत होते.

"शामोर," ते पुन्हा म्हणाले.

वहीतल्या त्या शब्दापुढे दोन अर्थ लिहिलेले होते. पहिला पाळणं. दुसरा सांभाळणं.

"हो काका," तारामती म्हणाली.

मनगटावरची पकड सैल झाली. त्यानंतर तो शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही. पुढच्या बुधवारी पहाटे ते गेले. अकोल्याहून त्यांच्या समाजाचे दोघे जण आले. मृतासाठी म्हणायच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दोघांनी दहा होत नाहीत, म्हणून ती राहिली. गावाबाहेर ख्रिस्ती लोकांच्या जागेशेजारी खड्डा खणून त्यांना माती दिली.

भाद्रपदात एझ्राचं पत्र आलं. आईने आता तिकडे यावं, तो स्वतः न्यायला येतो, असं त्यात होतं. तारामतीने ते वाचून दाखवलं. दीनाबाईंनी ट्रंकेतून निळं हवाईपत्र काढून तिच्या हाती दिलं.

"लिही. एझ्राला आशीर्वाद. मी बरी आहे. मी येणार नाही. तुझ्या बापाला इथे ठेवलंय. शेजारी तारा आहे, ती मला बघते."

तारामतीची लेखणी थांबली. दिवाळीनंतर दुकान अकोल्याला हलवायचं, बिऱ्हाडही तिकडेच न्यायचं, हे तिच्या भावाने, भागचंदने, गेल्याच आठवड्यात ठरवलं होतं. ती जेवण वाढत असताना ते बोलणं झालं. तिला कुणी विचारलं नाही. काकीला सांगायचं धैर्य तिला झालं नव्हतं. सांगितलं असतं तर काकी म्हणाल्या असत्या, जा गं तू, माझं मी बघेन. आणि या घरात भिंती चाचपत एकट्या राहिल्या असत्या.

ती लिहायला लागली. बराच वेळ लिहीत राहिली.

"वाच," दीनाबाई म्हणाल्या.

तारामतीने दाराबाहेर बघत सांगितलं, "एझ्रास आशीर्वाद. मी बरी आहे. मी येणार नाही. तुझ्या बापाला इथे ठेवलंय. शेजारी तारा आहे, ती मला बघते."

"एवढंच? केवढा वेळ लिहीत होतीस."

तारामतीने पत्राची घडी घालायला घेतली.

"पुन्हा वाच."

या वेळी तिने मान खाली घातली आणि कागदावरचं वाचलं.

"एझ्रादादा, काकी नको म्हणतात, पण त्यांना आता दिसत नाही. आम्ही दिवाळीनंतर अकोल्याला चाललो. मग इथे त्यांचं कुणी नाही. तुम्ही या आणि त्यांना घेऊन जा. त्या भांडतील. ऐकू नका. तारामती."

दीनाबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. समोरच्या रस्त्यावरून वाशिमची मोटार गेली, तिचा आवाज ऐकू येईनासा झाला. मग हात पुढे करून त्यांनी तारामतीचा खांदा शोधला.

"तिकडे थंडी फार असते म्हणतात," त्या म्हणाल्या.