सॅकमधला दुसरा कप

शोकसभेत सगळे म्हणाले, "घर आणि डोंगर, याखेरीज दादाला तिसरं जग नव्हतं." वहिनीने मान डोलावली, पण घरी येताच त्याची सॅक माझ्यापुढे उपडी केली. दोन कप निघाले.

"भाऊजी, हे दर रविवारी डोंगरावर एकटेच जायचे ना? मग हा दुसरा कुठल्या सटवीचा? भावाची बाजू घेऊ नका, खरं सांगा!"

माझ्याही मनात पाल चुकचुकली. तीस वर्षांचा संसार एका कपात बुडायला आला होता. मी दोन्ही कप उजेडात नेले. एक चहाने आतून काळा पडलेला, दुसऱ्याच्या आत दुकानाचं लेबल तसंच चिकटलेलं.

"वहिनी, निघताना दादा काय विचारायचा?"

"येतेस का, म्हणून. मी म्हणायची, गुडघे दुखतात."

वहिनीने लेबल नखाने खरवडून काढलं आणि चहाचं आधण ठेवलं.