विश्रांती म्हणे!

मी एक जुनी काचपट्टी आहे, मित्रांनो. तुम्ही मला स्लाइड म्हणता. बोटभर लांबीची काच, तिच्यावर कांद्याच्या मुळाच्या टोकाचा जांभळट ठिपका आणि कडेला पिवळी पडलेली चिठ्ठी, 'पेशीविभाजन'. माझ्यासारख्या गरीब वस्तूनं तोंड उघडू नये हे मला कळतं. पण यंदा माझ्या पेशींचा जो अपमान झाला, तो मुकाट्यानं गिळणं मला जमलं नाही.

बावीस वर्षांपूर्वी लॅबकाकांनी मला घडवलं. तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. पाण्याच्या ग्लासावर कांदा ठेवून त्यांनी त्याला मुळं फुटू दिली. सकाळी मुळांची टोकं कापली, आम्लात मऊ केली, रंगवली आणि वर पातळ काच ठेवून अंगठ्यानं असं दाबलं, की पेशी सुट्या झाल्या, पण एकही चिरडली नाही. एवढी नजाकत हल्ली कोण दाखवतं?

पहिल्याच वर्षी जाड चष्म्याच्या एका मुलीनं अख्खा तास माझ्यावरून नजर हलवली नाही. शंभरातल्या नव्वद पेशी तिला शांत दिसल्या. दहांमध्येच गुणसूत्रांची लगबग होती. मग या नव्वद जणी करतात काय, म्हणून तिनं पुस्तकं पालथी घातली आणि जर्नलात चित्राखाली लिहिलं, 'शांत अवस्था. बाहेरून शांत, आत डीएनएची प्रत तयार होते.' ती वही नमुना म्हणून कपाटात गेली.

इथेच घोटाळा झाला. दरवर्षीची सर्वांत नेटकी वही नमुना म्हणून ठेवायची आणि पुढच्या वर्षीच्या मुलांनी तिच्यावरून उतरवायचं, अशी या प्रयोगशाळेची रीत पडली. मला पाहण्याची गरजच उरली नाही! पाहुणे येणार असले की मला सूक्ष्मदर्शकावर चढवायचं आणि ते गेले की डब्यात टाकायचं.

यंदा मात्र वर्गात एक शंकासूर आली. मुलीचं हे नाव मैत्रिणींनी ठेवलेलं. नमुना वहीत शांत पेशीखाली 'विश्रांती अवस्था' असं लिहिलेलं तिला पटेना. तिनं मला डब्यातून काढलं, फुंकर मारून पुसलं, सूक्ष्मदर्शकावर चढवलं आणि एकेक पेशी मोजली. मग जर्नल घेऊन ती बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, नव्वद टक्के पेशी विश्रांती घेत बसल्या, तर मूळ वाढतं कसं?"

"इतकी वर्षं सगळे हेच लिहितात. तू एकटीच शहाणी का? नमुन्याप्रमाणे करून आण, मग सही देते."

सही नाही म्हणजे प्रॅक्टिकलला बसायचं नाही, आणि प्रॅक्टिकल तीन दिवसांवर. पोरीचा चेहरा एवढासा झाला. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. विश्रांती म्हणे! अहो, त्या शांत केंद्रकात डीएनएची दुहेरी साखळी उलगडते. प्रत्येक धाग्यासमोर नवा जोडीदार धागा विणला जातो, ए समोर टी, जी समोर सी. चुकीचं अक्षर बसलं तर ते तिथल्या तिथे काढून बरोबर बसवतात. प्रत पुरी झाली का, हे तपासल्याशिवाय पेशीला विभागायची परवानगी नसते. आणि हिशेब केला, तर तुमच्या बाकीच्या एकोणचाळीस जर्नलांत एकाही ओळीची तपासणी नाही!

कोपऱ्यात डबे पुसणाऱ्या काकांनी हे सगळं ऐकलं. त्यांनी कपाटातून सगळ्या नमुना वह्या काढल्या आणि बाईंच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. बाई एकेक उघडत वर्षावर्षानं मागे गेल्या. अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी 'शांत'चं 'विश्रांती' केलं होतं. त्याआधी दुसऱ्याच वर्षी पान संपलं म्हणून डीएनएची ओळ गळली होती. पुढच्या सगळ्यांनी ती चूक सुवाच्य अक्षरात उतरवली होती.

शेवटची, सर्वांत जुनी वही बाईंनी उघडली आणि त्यांचा हात थांबला. अक्षर त्यांचंच होतं.

त्यांनी जाड चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तो डोळा मी लगेच ओळखला. बावीस वर्षं कुठे होतात बाई, असं मला ओरडून विचारावंसं वाटलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी शंकासूरच्या जर्नलवर सही केली. उरलेली एकोणचाळीस जर्नलं परत मागवली आणि प्रत्येकावरची स्वतःची सही लाल पेननं खोडली.

"आधी बघून या," एवढंच त्या वर्गाला म्हणाल्या.

मित्रांनो, प्रत काढायला माझी ना नाही. तुमच्या गुडघ्यावरचं खरचटलेलंसुद्धा प्रती काढूनच भरून येतं. पण माझ्या पेशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहायच्या, तुम्ही निदान एकदा डोळा तरी लावा. मी लाकडी डब्यात, तिसऱ्या खाचेत आहे.