गुडघ्यावर बसलेला वार्ताहर

थोरल्याने ते सकाळी नऊलाच पाहिलं होतं. खालच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचा धाकटा भाऊ, बातम्यांच्या वाहिनीचा वार्ताहर, साचलेल्या पाण्यात चक्क गुडघे टेकून बसला होता आणि माईकमध्ये ओरडत होता, "बघा, पाणी कमरेला लागलंय!" पाणी होतं घोट्याएवढं. कॅमेरेवाल्याने पाय तेवढे दिसू दिले नव्हते.

थोरला त्या वॉर्डाचा नगरसेवक. वादळ येतंय आणि चार वाजता समुद्र गल्लीत घुसणार, अशी पक्की सूचना त्याच्याकडे आली होती. त्याच्या आत चाळीस घरं रिकामी करून माणसं टेकडीवरच्या शाळेत पोचवायची होती. दोन दिवस तो दारोदार फिरत होता. आणि प्रत्येक घरात पडद्यावर कोण, तर धाकटा! हा दारात घसा फोडतोय, आणि घरातली माणसं याच्याकडे पाठ करून त्याला बघतायत. लहानपणापासून हेच. याने पाणी भरायचं, त्याने पाहुण्यांसमोर गाणं म्हणायचं. कौतुक कुणाचं व्हायचं ते सांगायला नको. थोरल्याच्या पोटात दुखतं ते तेव्हापासून.

म्हणून तो तमाशा पाहून त्याला राग आला नाही, चांगला आनंद झाला. पडू दे उघडा, तो मनाशी म्हणाला. आपण कशाला बोलायचं? लोकांना डोळे आहेत.

डोळे होतेच. साडेदहापर्यंत सगळी गल्ली एकदा खिडकीतून आणि एकदा टीव्हीवर बघून पोट धरधरून हसत होती. धाकटा उघडा पडला खरा, पण त्याच्याबरोबर वादळही खोटं पडलं.

"अहो, कसलं वादळ घेऊन बसलात?" शिंपी मशीनवरून मान वर न करता म्हणाला. आतल्या खोलीत त्याची बायको वर्षभर अंथरुणाला खिळलेली. "टीव्हीवर कंबर, इथे घोटा. नुसत्या थापा!"

"थापा तो मारतोय. मी नाही."

"तुमचाच भाऊ ना तो?"

औषध एकच होतं: धाकट्याकडे जायचं आणि सांगायचं, बाबा रे, ऊठ. पण म्हणजे त्याच्यापुढे कबूल करायचं की माझं कुणी ऐकत नाही, तू सांग. ते थोरल्याच्या जिवावर आलं. तो पुन्हा पहिल्या घरापासून सुरू झाला. एक वाजला तेव्हा शाळेकडे न्यायला आणलेल्या बसमध्ये नऊ माणसं होती, आणि त्यांत त्याची स्वतःची आई नव्हती.

आई टीव्हीसमोर बसली होती. "माझं लेकरू तिथे पाण्यात उभं आहे, आणि मी पळून जाऊ?"

"उभा नाहीये तो, आई!" थोरला ओरडला आणि तरातरा गल्लीच्या तोंडाशी गेला. कॅमेरा चालू होता. तेच त्याला हवं होतं. सगळ्यांसमोर जिरवायची.

"ऊठ," तो म्हणाला. "ऊठ, आणि पाणी कुठवर आहे ते दाखव."

धाकट्याने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि तो उठला. पँट गुडघ्यापाशी चिखलाने माखलेली.

"मी बसलो होतो," तो कॅमेऱ्यात बघून म्हणाला. या वेळी ओरडला नाही. "पाणी घोट्याएवढंच आहे. मी खोटं दाखवलं. हा माझा भाऊ, हा दोन दिवस खरं सांगतोय. चारला पाणी डोक्यावरून जाईल. मी आईला घेऊन निघतोय. तुम्हीही निघा."

फटाफट दारं उघडली. जो तो गाठोडं घेऊन निघाला आणि जाता जाता धाकट्याच्या पाठीवर थाप मारून गेला. कबूल करायला छाती लागते म्हणे! थोरल्याचा नुसता जळफळाट झाला. खोटं बोलून हा मोठा, आणि खोटं कबूल करून आणखी मोठा. खरं बोलणाऱ्याला कुठे जागाच नाही.

बसच्या चार फेऱ्या झाल्या. पाचवीत शिंप्याच्या बायकोला खाटेसकट न्यायचं ठरलं होतं. पण सव्वातीनलाच उतारावरचा रस्ता पाण्याखाली गेला आणि बस अर्ध्यातून परत फिरली. तिला वरच्या खोलीत चढवलंय, असा शिंप्याचा फोन आला. त्यानंतर फोन लागेना.

शाळेच्या वर्गात धाकट्याभोवती गर्दी जमली होती. आई त्या गर्दीतून उठून थोरल्याजवळ आली. तो खिडकीशी फोन कानाला लावून उभा होता.

"धाकटा म्हणतो, सकाळीच कुणी टोकलं असतं तर तेव्हाच उठलो असतो," ती म्हणाली. "पाच फेऱ्या काय, दहा झाल्या असत्या. तू तर सकाळपासून तिथेच होतास ना रे? तुला दिसला नाही तो बसलेला?"

"नाही," थोरला म्हणाला, आणि त्याने पुन्हा शिंप्याचा नंबर लावला.