इर्मगार्टच्या ओळी

"कातडं म्हणे! अर्ध्या बकऱ्याचे केस अजून यावरच आहेत. यावर लिहायचं, की याला चरायला सोडायचं?" लेखनखोलीच्या कोपऱ्यात म्हातारी सिस्टर हाइल्का पुटपुटली. आपण पुटपुटतो असं तिला वाटे. ऐकू मात्र सगळ्यांना जाई.

विल्ट्रूडने हसू दाबलं. मठाची पुस्तकं तिच्या ताब्यात होती आणि आज ती तपासायला बिशपांकडून फादर ओटलोह आले होते. गेल्या हिवाळ्यात वारलेल्या सिस्टर इर्मगार्टच्या कवितेचं पान त्यांनी उचललं आणि मोठ्याने वाचलं, "तू दूर असताना पहाटेची प्रार्थना तोंडात भुशासारखी लागते. तुझ्या मानेवरच्या तिळाशी माझे ओठ अजून बोलतात." ते थांबले. "हे कुणाला? बाईने बाईला लिहिलं असेल तर ते सदोमचं पाप. आत्ता, माझ्यासमोर खरवडा."

कातडं महाग. नको ते लिखाण खरवडून त्यावर नवं लिहायची रीतच होती, आणि चाकू विल्ट्रूडच्याच कमरेला होता.

"प्रभूला लिहिलंय, फादर," ती म्हणाली. "आत्मा नवरी, ख्रिस्त नवरा."

"आणि तीळ?"

"तीळ म्हणजे... नम्रता."

"मान?"

"चर्च!" पानं शिवत बसलेली सिस्टर गेपा मदतीला धावली. "डोकं ख्रिस्त, त्याखाली मान म्हणजे चर्च."

उत्तरं तयारच होती. मठात लॅटिन शिकवायला याच ओळी पोरींकडून घोकून घेत आणि अर्थही हाच सांगत. तेव्हा कुणी हसत नसे. कोपऱ्याकडे तर कुणी बघतही नसे.

फादरांचा चेहरा सैलावला. "सुंदर! मग वर तसं लिहूनच टाका : आत्म्याचं गाणं, प्रभूसाठी."

पान बचावलं. विल्ट्रूडने घाईघाईने लेखणी शाईत बुडवली.

स्टूल करकरलं. हाइल्का टेबलापाशी आली, विल्ट्रूडच्या कमरेचा चाकू तिने ओढून काढला आणि फादरांपुढे ठेवला.

"खुशाल खरवडा, फादर. मठमातेपासून भांडी घासणाऱ्या पोरीपर्यंत सगळ्यांना पाठ आहे, डोकी कशी खरवडणार? पण वर खोटं लिहू नका. प्रभूसाठीही तिने गाणी रचली होती. ती गाणी फार कंटाळवाणी होती बिचारी."

"हाइल्का, अगं बस कर," विल्ट्रूड कुजबुजली.

"बसूनच होते की इतकी वर्षं." हाइल्का फादरांकडे वळली. "हे तिने मला लिहिलंय. तिचं माझ्यावर प्रेम होतं, आणि माझं तिच्यावर."