डबीतला आवाज

"हे तुम्हाला पटणार नाही," गुलाबनानांनी सुरुवातीलाच बजावून टाकलं. "आजवर एकालाही पटलेलं नाही. मला स्वतःला पटत नाही. पण खरं शे, त्याला मी तरी काय करू?"

नाना खरं बोलायला लागले की अमळनेर तालुक्यातले सगळे कावळे बांधावर येऊन बसतात, हेही नानाच सांगायचे. आज बांधावर एकच कावळा होता, आणि त्याचं लक्ष वांग्यांकडे होतं. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करून त्यात जळगावकडची हिरवी, लांबोडकी, भरताची वांगी भाजायला टाकली होती. दिवस कलला होता, थंडी हळूच पाठीवरून हात फिरवत होती. नाना धम्मपालचे चुलते; बाकीही पाहुणे नव्हते, घरचीच माणसं. धम्मपालची कंडक्टरकीची सुटी होती म्हणून तो जाळ सारत होता. त्याची बायको कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पुऱ्यांचं पीठ मळत होती. समीक्षा आणि मृणाली या दोघी पोरी भाजलेली वांगी सोलत होत्या. आणि धम्मपालची थोरली बहीण, पोरींची नर्मदाआत्या, लाकडी बडजीत ती वांगी ठेचत होती. धप. धप. धप.

एरवी भरीत पार्टीत नानांची गोष्ट कोणाला ऐकूच यायची नाही, कारण आत्याचा आवाज. मिरच्या कमी पडल्या, पात बारीक चिरली नाही, धम्मपाल धुरात उभा राहून डोळे चोळतोय, या बठ्ठ्या बातम्या चार शेतं पलीकडे पोचायच्या. औंदा नानांना मोकळं रान मिळालं होतं. आत्या दिवाळीनंतर जवळजवळ बोललीच नव्हती.

"बोरीच्या काठाला एक बाई होती," नाना म्हणाले. "नाव विचारू नका. तिचा आवाज असा, की या काठाहून हाक मारली तर त्या काठच्या म्हशी पाण्यात उड्या घ्यायच्या. अमळनेर स्टेशनातून सुरतेची गाडी निघायची तर गार्ड आधी कानोसा घ्यायचा, बाई बोलत तर नाही ना? कारण तिनं 'थांब वं!' म्हटलं की इंजिन जागच्या जागी थांबायचं. ड्रायव्हर ब्रेकला हातसुद्धा लावायचा नाही."

"ब्रेक नसेलच त्या गाडीला," मृणाली म्हणाली.

"होता. गंजला होता. बाई असताना ब्रेक कोण वापरतो?"

धम्मपाल हसला. समीक्षाही हसली, पण जरा उशिरा. गरम सालीनं तिची बोटं पोळत होती आणि तिनं ती पाण्यात बुडवली नाही. पोळू दे, असं तिला वाटलं. दुपारच्या एसटीनं ती धुळ्याहून आली तेव्हापासून तिला असंच काहीतरी वाटत होतं. आत्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली होती, तिच्या गालावरून हात फिरवला होता आणि पुटपुटली होती, "वायली." वाळली. बस, एवढंच. पूर्वी समीक्षा गाडीतून उतरायच्या आधी आत्याची हाक गाडीत चढायची.

"तर एक दिवस," नानांनी आवाज खाली आणला, "त्या बाईचा आवाज चोरीला गेला."

समीक्षाच्या हातातलं वांगं राखेत पडलं.

"काय गं धांदरट," आई म्हणाली. "धुळ्याला जाऊन वांगं सोलायचंही विसरली."

झालं होतं ते असं. समीक्षा अकरावीला धुळ्याच्या कॉलेजात, तिथल्याच होस्टेलला. घरात ती हुशार, सरळ, समजूतदार. घर म्हणायचं म्हणून तीही स्वतःला तसंच समजायची. होस्टेलच्या खोलीत मात्र हुशारीला कोणी विचारत नव्हतं. तिथे मुली रील करायच्या, नकला करायच्या, एकमेकींच्या अंगावर पडून हसायच्या, आणि समीक्षानं काही विनोद केला की खोलीत अशी शांतता पसरायची की पंख्याची कुरकुर ऐकू यावी. दिवाळीच्या सुटीत ती घरी आली. एका सकाळी गोठ्याकडे गेली तर आत आत्या बिजलीशी बोलत होती. बिजली म्हणजे म्हैस. तिचं पारडू नुकतंच गेलं होतं आणि ती वैरणीला तोंड लावत नव्हती.

"काय व्हयनं वं बिजली?" आत्या तिची मान खाजवत म्हणत होती. "रुसनी का? नको रुसू वं माय. माले कोण शे वं तुनासिवाय?"

आणि बिजलीनं नेमकं तेव्हाच तोंड वर करून असा लांबलचक सूर काढला की समीक्षाला हसू आवरेना. तिचा मोबाइल आधीच हातात होता. चित्रात आत्याची नुसती पाठ, म्हशीचं थोबाड आणि आवाज. समीक्षानं त्यावर ढोल लावला, एक बिननावाचं खातं उघडलं आणि दिलं सोडून.

सुटी संपून ती होस्टेलला परतली तर मुली तीच रील बघून गडाबडा लोळत होत्या. कोणाची आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं. "माले कोण शे वं!" एक म्हणायची आणि दुसरी म्हशीसारखा सूर काढायची. समीक्षा त्यांच्यात बसून हसली. तिच्या एखाद्या गोष्टीवर लोक पहिल्यांदाच हसत होते. तो गोडवा तिला आजही आठवत होता. तेच तर वाईट होतं, की आठवला की अजून गोडच लागायचा.

"चोरानं आवाज नीट घडी करून एका डबीत घातला," नाना सांगत होते. "पानवाल्याकडे चुन्याची असते ना, एवढीशी डबी. आणि गेला धुळ्याच्या बाजारात. झाकण उघडलं की आत बाई बोलायची, बाजार हसायचा. झाकण लावलं की गप्प. पुन्हा उघड, पुन्हा हसा. इतकं उघडलं, इतकं उघडलं, की आवाज झिजून पार कांद्याच्या पापुद्र्यासारखा झाला."

"आणि बाई?" धम्मपालनं विचारलं. तो आता हसत नव्हता.

"बाईनं घरी तोंड उघडलं तर नुसता वारा. कोंबडा म्हणाला, बाई बोलत नाही तर मी कशाला आरवू? कोंबडा आरवला नाही म्हणून सूर्य उगवला नाही. दुपारपर्यंत अंधार. अमळनेरच्या लोकांनी कंदील लावून जेवणं केली. विचारा कोणालाही."

कोणी विचारलं नाही. धप, धप, बडजीत ठोके पडत राहिले.

धम्मपालला ते कळलं होतं स्वतःच्याच गाडीत. अमळनेर-धुळे फेरी, कॉलेजची पोरं, मागच्या सीटवर एकाच्या मोबाइलवर हशा पिकला होता. तिकिटं फाडता फाडता धम्मपालही हसला, म्हशीचा सूर होताच तसा. आणि मग त्याला तो आवाज ओळखू आला. ज्या आवाजानं त्याला लहानपणी न्हाऊ घातलं, शाळेत हाकललं, तो आवाज ढोलावर नाचत होता, आणि आपणही हसलो, हे त्यानं घरी येऊन चहा न घेता सांगितलं होतं.

तोवर बाजारातही पोचलं होतं. आत्या मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती आणि मोटरसायकलवरून दोन पोरं ओरडत गेली, "रुसनी का वं?" पहिल्यांदा ती हसली, तिला वाटलं ओळखीची असतील. दुसऱ्या दिवशी मेथीवाल्या बायाही हसल्या तेव्हा तिला उमगलं. त्यानंतर गोठ्यातसुद्धा ती मुक्यानं धार काढायला लागली. बिजली मागे वळून वळून बघायची आणि दूध आखडायची.

"मग गावानं चोर शोधायचं ठरवलं," नाना म्हणाले. "गाव कसं शोधतं? ज्याच्या हातात डबी दिसली, तो चोर. एका पोरीच्या हातात कायम डबी असायची. कंगव्याची का कशाची, कोणी उघडून बघितली नाही. धरलं पोरीला."

"बघा, नाना मलाच बोलताय!" मृणाली वांग्याचं देठ राखेत भिरकावत म्हणाली. "मोबाइल कपाटात टाकून झाला, मार खाऊन झाला, आता गोष्टीतही धरा. दहावीची पोरगी आहे म्हणून गप्प बसते, नाहीतर..."

"तू गप्प बसती? मग सूर्य पुन्हा उगवायचा नाही," नाना म्हणाले.

मृणालीनं पुढचं वांगं ओढलं. आत्याकडे तिनं एकदा चोरून बघितलं. आत्यानं बडजीतून नजर उचलली नाही.

समीक्षाला तो दिवस कालच्यासारखा दिसत होता. शनिवार होता, ती नुकतीच घरी आली होती आणि अजून उंबऱ्यातच उभी होती. घरात सतत मोबाइल कोणाकडे? मृणालीकडे. आरशासमोर नाचून रील कोण करतं? मृणाली. "मी नाही पप्पा, आईशपथ मी नाही," मृणाली म्हणत होती. आणि पप्पा ओरडले, "मग काय तुझ्या ताईनं केलं?"

ते इतकं अशक्य होतं की मृणालीलाही पुढे बोलता आलं नाही. तेवढ्यात चापट बसली.

आणि उंबऱ्यातल्या समीक्षाला काय वाटलं? वाईट वाटलं असतं तर ती आज सुखानं वांगी सोलत असती. तिला हायसं वाटलं. डोक्यावरचं ओझं उतरावं तसं. आपल्या आत असं कोणीतरी राहतं, हे तिला त्या दिवशी कळलं. त्याआधी कोणी सांगितलं असतं तर तिनं भांडण केलं असतं.

नंतर तिनं रील काढून टाकली. पण ती केव्हाच लोकांच्या मोबाइलमध्ये पसरली होती. सांडलेलं तेल भांड्यात परत भरावं, तसला तो प्रकार. मग कॉलेजात 'स्वतःला ओळखा' म्हणून कार्यक्रम झाला. बाहेरून आलेल्या मॅडमनी सगळ्यांना आपले गुण-दोष कागदावर लिहायला सांगितले. समीक्षानं सवयीनं पहिला गुण लिहिला, प्रामाणिक. मॅडम तिच्या मागून फिरत गेल्या आणि म्हणाल्या, "अक्षर किती सुंदर आहे गं तुझं."

सांगायचं तिनं ठरवलं होतं, एकदा नाही, दर सुटीत. पण आत्या तिच्या भाकरीवर तूप ओतायची आणि हळूच म्हणायची, "खाय." त्या एका शब्दापुढे सगळे शब्द पालथे पडायचे. आत्याला कोण शे तिच्याशिवाय? जून महिन्यात समीक्षा धुळ्याला गेली आणि आत्या म्हशीशी बोलायला लागली, हा हिशेब तिच्या डोक्यात फार उशिरा आला होता. तो ढोल लावण्याआधी यायला हवा होता.

"मग पुढे काय झालं, नाना?" आईनं विचारलं. पुऱ्या लाटून झाल्या होत्या, तेल तापत होतं, गोष्ट आता आटपायला हवी होती.

"पुढे?" नानांनी पाय पसरले. जाळाच्या उजेडात त्यांचे डोळे मिचमिचत होते. ते कोणाकडे बघत होते हे कधीच सांगता यायचं नाही, मोतीबिंदूची सबब त्यांना फार सोयीची होती. "पुढे गंमत झाली. चोराला डबीचा कंटाळा आला. एका पहाटे तो हळूच गेला आणि डबी बाईच्या रांजणात ओतून आला. बाई उठली, तांब्याभर पाणी प्याली आणि जी ओरडली, ती थेट चाळीसगावापर्यंत! कोंबडा आरवला, सूर्य धावत पळत आला, गाडी थांबली. धरलेली पोरगीही सुटली, कारण लोक आपण तिला का धरलं तेच विसरले."

"असं कसं विसरले?" मृणाली म्हणाली. "गालावर बोटं कोणाची उमटली होती?"

"अगं, गोष्ट आहे ती," धम्मपाल पटकन म्हणाला, आणि जाळात उगाचच एक काडी सारली.

"चोर कोण ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही," नानांनी हात झटकले. "त्यालाही काही झालं नाही. कोणाला काही बोलावं लागलं नाही, सगळं आपोआप जिथल्या तिथे. चोर घरी गेला, भरीत-पुरी खाल्ली, आणि असा ढाराढूर झोपला की घोरण्यानं छपराची कौलं हलली. झाली गोष्ट. वाढा आता."

आईनं पहिली पुरी तेलात सोडली. मृणालीनं ताटं मांडायला घेतली. आत्यानं बडजीतलं भरीत काठाकडे ओढलं, वर लसूण-मिरचीचा ठेचा टाकला आणि पुन्हा ठेचायला लागली. धप. धप.

"खोटं."

इतक्या बारीक आवाजात आलं की सगळ्यांना वाटलं तेलच चुरचुरलं.

"कोण बोललं?" नाना म्हणाले. "काय खोटं गं? गाडी थांबायची ते? चल स्टेशनवर, म्हातारा गार्ड जिवंत असेल तर विचारू."

समीक्षा उभी राहिली होती. काळ्या पडलेल्या बोटांतून वांग्याचा रस मनगटापर्यंत ओघळला होता. तिनं मृणालीकडे बघितलं, पप्पांकडे बघितलं, आत्याकडे मात्र बघता येईना, म्हणून ती बडजीकडे बघत बोलली.

"गाडी थांबली असेल, नाना. सूर्यही थांबला असेल. पण चोर झोपला हे खोटं आहे. त्याला झोप लागत नाही. आवाज परत आलाच नाही, आणि आपोआप येतही नाही."

"तुला गं काय माहीत?" धम्मपाल म्हणाला. बोलता बोलताच त्याच्या हातातली काडी खाली आली.

बडजीतला ठोका थांबला.

"मला माहीत आहे, कारण डबी मृणालीकडे नव्हती, पप्पा," समीक्षा म्हणाली. "आत्या, डबी माझ्याकडे होती."