गालाला लावलेले पाय

दोन पाय. उदबत्तीच्या काडीहून जरा जाड, पिवळसर, टोकाला इवलीइवली बोटं आणि बोटांना नखांचा नुसता भास... ते पाय शुभदाने उजव्या गालाला लावून धरले होते, डोळे मिटून, श्वास रोखून, भिंतीपलीकडचं कुजबुजणं ऐकावं तशी. मुठीत पिल्लाचं काळीज टकटक करत होतं. आणि गालावर... हो, ऊब. स्पष्ट ऊब. तिने पिल्लू तुसावर सोडलं, पलीकडच्या बाजूचं एक उचललं, मग मधलं एक. सगळ्यांचे पाय गरम. म्हणजे रात्र नीट गेली होती. म्हणजे ब्रूडरची आच, त्या पत्र्याच्या उलट्या छत्रीखाली भुरभुरणारी निळी-तांबडी आच, पुरेशी होती, जरा जास्तच होती. तिने नळीवरची चावी केसभर मागे फिरवली. आच खाली बसली. दुसऱ्या ब्रूडरचीही तेवढीच.

केसभरच. रोज पहाटे केसभर.

कोपऱ्यात गॅसची टाकी उभी होती. शुभदाने ओलं फडकं पिळलं, टाकीवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं आणि वाट पाहिली. वरचा भाग भराभर वाळत गेला, खालचा ओलाच राहिला, आणि दोहोंच्या मध्ये ती रेघ उमटली. तिथपर्यंत गॅस होता. कालच्या खुणेपासून बोटभरच खाली. परवा दोन बोटं गेली होती. शुभदाला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं तिला नवलही वाटलं, कारण शेजारी बादलीत पाच पिल्लं पडली होती, मान टाकून, पाय ताणून. काल तीन होती. पण एवढी मरतूक असतेच की पहिल्या आठवड्यात. दीड हजारात पाच. असतेच. ती स्वतःशी हे दोनदा म्हणाली, आणि दुसऱ्यांदा म्हणताना बादलीवर पोतं टाकलं.

सहावा दिवस होता आज. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं. शेड आपली, राबणं आपलं आणि गॅस आपला. थंडीतल्या पिल्लांच्या लॉटला पहिले बारा-तेरा दिवस आच लागतेच, आणि मावळातली डोंगरालगतची पौषाची थंडी काय असते ते सोमाटण्याहून लग्न होऊन इथे आल्यावर तिला कळलं. कान्ह्याच्या वरच्या अंगाला, उतारावर, जिथे डोंगरावरून सुटलेला वारा थेट शेडच्या पडद्यांवर येऊन थडकतो. आधी सासूबाई भुश्याची बुखारी, पत्र्याची शेगडी, पेटवायच्या. धुराने पिल्लं शिंकायची आणि त्या धुरात पोटुशी शुभदाही खोकायची. मग गॅस आला. आणि गॅस आल्यापासून घरातली सगळी बोलणी टाकीपाशी येऊन थांबायला लागली.

"लोकं हितं थंडी विकत घ्यायला येत्यात, वहिनी," तिचा दीर राजेंद्र म्हणाला होता, "आन् तुमी ऊब विकत घेताय. कुठला धंदा बरा, तुमीच सांगा." तो लोणावळ्याकडे कुणाच्या तरी कॅम्पिंगवर कामाला होता, शेड मोडून तिथे तंबू ठोकायचे हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. नवरा, प्रज्ञेश, पायरीवर टेकला होता. तो देहूरोडच्या डेपोतल्या कंत्राटी कामावरून आलेला, बूट काढत होता. एक बूट काढून झाल्यावर म्हणाला, "हा एक लॉट बघू. गॅसनेच सगळं खाल्लं तर देऊन टाकू राजाला शेड." आणि शुभदा... कोण बोललं तिच्या तोंडून कोण जाणे... म्हणाली, "दोन टाक्यांत बसवून दाखवते. तिसरी मागितली तर शेड तुमची."

पहिली टाकी चौथ्या दिवशीच संपली.

शेड गेली तर काय होईल ते तिला तोंडपाठ होतं. पुन्हा तळेगावची पॅकिंगची लाइन, बारा तास, आणि दुपारी बाथरूममध्ये जाऊन, दार लावून, दुधाने भिजलेला ब्लाऊज पिळणं. चैतालीसाठी तिने ते दोन महिने केलं होतं. घरी आल्यावर पोर तिच्याकडे पाहुणीकडे पाहावं तशी पाहायची, आजीच्या खांद्याआडून. शेडपासून पाळणा चाळीस पावलांवर होता. मोजले होते तिने. चाळीस पावलं — एवढ्यासाठी मी सगळं... पण हे कुणाला सांगणार? हिशेबात पावलं कुठे धरतात.

"शुभे! पोरगी उठली गं!"

सासूबाई, शकुबाई, परसातल्या चुलीपुढे बसल्या होत्या, अंघोळीचं पाणी तापत होतं, आणि त्यांच्या मांडीवर चैताली. दहा महिन्यांची, झोपेने गाल फुगलेली, आणि पायात ते मोजे. लाल, लोकरीचे, शकुबाईंनी बाजारातून आणलेले. शुभदाने तिला उचललं, सवयीने मोजे ओढून काढले, आणि दोन्ही तळपाय स्वतःच्या गालांवर दाबले. गोड, गरम भाकरीसारखे तळपाय.

"परत काढलंस? गार पडत्यात पाय तिचं."

"नाहीत आई. बघा ना, गरम आहेत. उगाच घामेजतात मोज्यात."

"मी घालती, तू काढती," शकुबाई विस्तवाकडे पाहत म्हणाल्या. "सून हाय का कलेक्टर."

शुभदा हसली. तळपायांना आणखी एकदा गाल लावला. तिच्या गालावर तिचा विश्वास होता. पोरीला ताप आहे की नाही, दूध कोमट आहे की कढत, सगळं ती गालाने ओळखायची. कंपनीच्या माणसाने पहिल्याच लॉटला शिकवलं होतं, पिल्लाचे पाय गालाला लावून पाहा, आणि तिला वाटलं होतं, हे तर मला येतंच. थर्मामीटर होता तेव्हा. पडदा ओढताना पडून फुटला. नवा घ्यायचा राहून गेला... नाही, राहून गेला नाही. तिनेच टाळला. जे माझा गाल सांगतो ते काचेच्या नळीला कशाला विचारू?

नऊ वाजले तरी ऊन नव्हतं. आभाळ भरून आलेलं, वारा तसाच. शुभदा नळाखाली पिल्लांची पाण्याची भांडी धूत होती; ते रात्रभर गारठलेलं पाणी हाडात शिरत होतं. रात्री चैतालीने चार वेळा उठवलेलं, डोळ्यांत वाळू. तिने तीन ओंजळी तोंडावर मारल्या, पहाटेही मारायची तशाच, आणि पदराने पुसत असतानाच मोटारसायकल वाजली.

कैलास. कंपनीचा सुपरवायझर. वास्तविक तो उद्या यायचा होता.

"ताई, चहा आधी का पिल्लं आधी?"

"पिल्लं," ती म्हणाली.

कैलासने शेडच्या दारात बूट चुन्यात बुडवले, हेल्मेट काढून खिळ्याला अडकवलं आणि वजनाचा काटा लावला. एका डब्यात पिल्लं टाकली, मोजली, उतरवली, पुन्हा टाकली. शिटी वाजवत होता आधी. मग शिटी थांबली. शुभदाला ती थांबलेली ऐकू आली. त्याने बादलीवरचं पोतं टोकाला धरून उचललं, पाहिलं, परत ठेवलं, अगदी हळू, जसं झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करावं.

"वजन न्हाई आलेलं, ताई. थंडी लागलीय पिल्लांना."

"शक्यच नाही. मी रोज पाय बघते. गालाला लावून."

"रोज?"

"रोज पहाटे. तुम्हीच सांगितलं होतं."

त्याने वाकून एक पिल्लू उचललं आणि गालाला लावलं. हेल्मेटमधून नुकत्याच निघालेल्या त्याच्या तांबूस गालावर पट्ट्याची खूण अजून होती. "गार हायेत की ओ!"

"बघू." तिने तेच पिल्लू त्याच्या हातातून घेतलं. तेच, डोक्यावर करडा ठिपका असलेलं. पाय गालाला लावले. ऊब. "थट्टा करताय का कैलासभाऊ? चांगले गरम आहेत."

"थट्टा कशाला करू?"

पिल्लं चिवचिवत होती, मोठ्याने, सगळी एका सुरात — हा आवाज इतका वरचा कधीपासून झाला होता? करड्या ठिपक्याचं पिल्लू तिच्या मुठीत होतं आणि कैलास तिच्याकडे पाहत होता. तिच्याकडे नाही, तिच्या कपाळाकडे, जिथे ओल्या बटा चिकटल्या होत्या. शुभदाचा मोकळा हात आपसूक वर गेला आणि स्वतःच्या गालावर टेकला.

गाल नळाच्या पाण्यासारखा होता.

म्हणजे... पहाटे उठायचं, नळावर तोंड धुवायचं, तीन ओंजळी, मग वाऱ्यात चाळीस पावलं चालायची, मग आत येऊन पाय गालाला... सहा पहाटा. आणि सहाही पहाटा पाय गरम. असणारच. या गालाला काय गरम लागलं नसतं? दगडही लागला असता. आणि मग केसभर मागे. एक केस, दोन केस, सहा केस... टाकीवरची रेघ सावकाश उतरत होती आणि मी खूश होत होते, बोटं मोजत होते, आणि ती तिथे, छत्रीखाली, दीड हजार...

"आच वाढवा पयली," कैलास म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, आणि मऊपणाच तिला लागला. "आन् एक थर्मामीटर लावा. हितं खाली, पिल्लांच्या उंचीवर, भिंतीवर न्हाई. उद्या परत येतो. उद्याबी असंच असलं तर मला वर कळवायला लागंल, मग पुढचा लॉट..." वाक्य त्याने संपवलं नाही. हेल्मेट घातलं. चहा कुणालाच आठवला नाही.

शुभदाने पिल्लू तुसावर सोडलं आणि दोन्ही चाव्या पूर्ण उघडल्या. आच फस्सकन फुलली, छत्रीचा पत्रा तडतडला. आता ही टाकी किती पुरेल? तीन दिवस? फडकं बादलीच्या काठावर वाळत पडलं होतं. तिने ते उचललं नाही. मोबाईल काढला. प्रज्ञेशला लिहिलं, "येताना थर्मामीटर आण." पाठवलं. मग खाली लिहिलं, "तिसरी टाकी सांगावी ला" आणि अंगठा तिथेच राहिला. हे सहा शब्दसुद्धा नाहीत, आणि चाळीस पावलं त्यात जातील...

शकुबाई येऊन उभ्या होत्या... दारात, चुन्याच्या अलीकडे, कडेवर चैताली. लाल मोजे पुन्हा पायांत.

"काय म्हनला त्यो?"

शुभदा मोज्यांकडे पाहत होती. किती महिने झाले हे चाललंय? थंडी सुरू झाल्यापासून. मी काढते, त्या घालतात. मी बाहेरून येते, गार, ओली, आणि माझ्या गालाला माझं लेकरू गरम लागतं... पोरीचंही वजन मागच्या महिन्यात वाढलं नव्हतं. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, होतं असं, दात येताना. दात येतानाच होतं ना? की...

"आई," ती म्हणाली, आणि हे तिने आजवर कधी केलं नव्हतं, "तुम्ही बघा जरा." करड्या ठिपक्याचं पिल्लू शोधून तिने पुढे केलं.

शकुबाईंनी पोर तिच्याकडे दिली, पिल्लू घेतलं, पाय गालाला लावले. "आगाई! बरफ हाय गं नुसता."

बर्फ? आता तर आच फुल्ल होती. शुभदाने हात पुढे करून सासूच्या गालाला बोटं लावली. शकुबाई दचकल्या, सुनेने असा हात कधी लावला नव्हता. गाल तव्यासारखा तापला होता. चुलीपुढून उठून आल्या होत्या त्या, धुराचा वास अजून पदराला. या गालाला सगळं जग गारच लागणार. मोजेही त्यातूनच आले. मग कैलासचा गाल? तो तर हेल्मेटातून निघालेला. तिन्ही गाल खरं बोलत होते, आणि त्या पायांचं खरं कुणालाच माहीत नव्हतं...

"आशी का बघती?"

"मग ओळखायचं कसं, आई?" तिने विचारलं. "कुणाच्या गालावर ठेवायचा भरवसा?"

"गाल कशाला लागतोय मधी?" शकुबाई म्हणाल्या. "त्यास्नीच इचार की. गारठली की जवळ जवळ येत्यात, गुदमरली की लांब पळत्यात. माझ्या कोंबडीच्या पोटाखाली कुटं मीटर व्हता?"

"मी रोज बघतेच की. पांगलेलीच असतात."

"आत पाय टाकला की पांगनारच. तुला भ्यून." त्यांनी पिल्लू हळूच तुसावर सोडलं. "तू हायेस हे इसरली पायजेत ती. बस हितं गप. पानी उतरवून येती मी." आणि त्या गेल्या.

शुभदा खाद्याच्या गोणीवर बसली, चैतालीला मांडीत घेऊन. मोबाईल शेजारी पालथा, त्यात ते अर्धं वाक्य. पिल्लं भोवतीच्या गोल पत्र्याच्या कडेला दाटली होती, तिच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब, आणि तेवढ्यावरून काहीच कळत नव्हतं. ती हलली नाही. चैताली आचेकडे टक लावून पाहत होती, तीही कशी कोण जाणे गप्प. वाऱ्याने पडदा फुगला, बसला. एक पिल्लू भांड्यापाशी आलं. करड्या ठिपक्याचं होतं का ते? आणखी दोन आली. तिघं थबकली, माना वर करून, तिच्याच दिशेने... मग माना खाली गेल्या.

आता ती कुठे जातील — छत्रीखाली, एकमेकांवर चढून, की बाहेर, ऐसपैस — ते बघायचं होतं. घाई करायची नव्हती. सहा दिवस ती इथे येत होती आणि येताना स्वतःला बरोबर घेऊन येत होती.

चैतालीचा एक मोजा अर्धा निसटला होता. टाच उघडी पडली होती. शुभदाचा हात तिथे गेला, टाच मुठीत आली, आणि सवयीने तो पाय ती गालाकडे न्यायला लागली... तशीच थांबली. मोजा वरही ओढला नाही, काढलाही नाही. इवलीशी टाच तळहातात होती, आणि गार की गरम, हे ती ठरवत नव्हती. नुसती धरून, श्वास लहान करून, पिल्लं आपल्याला विसरण्याची वाट पाहत होती.